साडेपाच किलोचा चाप

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, माझ्या मोठ्या बहिणीने बुकित पंजांगमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पॉइंट टू-टू बोअरची एक रिकामी पुंगळी ठेवली. पुंगळी पितळेची होती, दीड सेंटिमीटरहून किंचित लांब, एका टोकाला काजळी धरलेली. ती ॲरिझोनाहून शिवणाच्या डबीतून आली होती. डबीत सुया, दोन रिळं, प्रेसची बटणं आणि ही. घरात आम्ही तिघं होतो: शैलाताई, माझा नवरा माधव आणि मी. बाहेर पाऊस होता.

“हा नमुना,” ताई माधवला म्हणाली. “नुसत्या आकड्यांवरून तुला अंदाज येईना, म्हणून आज बाहेर काढला.”

माधवने हात लावला नाही. त्याने फोन काढून नियम शोधला आणि मोठ्याने वाचला. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय काडतूस बाळगता येत नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीही देशात आणता येत नाही. ताईला येऊन तीन आठवडे झाले होते. दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही तिघं पोलीस चौकीकडे निघालो.

यंदाही पाऊस नोव्हेंबरच्या शेवटी आला. दुपारी दोननंतर आकाश काळवंडतं, अर्धा तास नुसता दम धरल्यासारखं थांबतं आणि मग समोरची इमारत दिसेनाशी होते. टॉवेल वाळत नाहीत. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र दिवसरात्र घुरघुरतं आणि त्याची टाकी सकाळी भरलेली असते. ती मोरीत ओतताना मला दरवेळी वाटतं, हे पाणी काल आपण श्वासात घेत होतो. पाऊस ओळखीचा आहे. तरी यंदा तो सुरू झाल्यापासून मी खिडकीपाशी जाते, परत येते, फोन बघते, ठेवते. गेल्या वर्षीचा हंगाम सलग आठवत नाही. कधी आधी वास येतो, कधी एखादा आकडा.

नमुना न्यायची सवय आमच्या घरात सगळ्यांना आहे. आई दोऱ्याच्या दुकानात जाताना ब्लाउजपीसचा कोपरा कापून न्यायची. नळाचा वायसर आणायचा तर जुना वायसर खिशात. चष्म्याचा स्क्रू पडला तर उरलेला दुसरा स्क्रू कागदाच्या पुडीत. “तोंडी मापावर विश्वास ठेवू नये,” हे ती एवढ्यांदा म्हणायची की आम्हा दोघी बहिणींना ते पाठ झालं. ताई चौतीस वर्षं अमेरिकेत आहे, पण तिच्या पर्समध्ये अजून कुठल्या तरी पडद्याचा तुकडा असतो. वस्तू घ्यायची म्हणजे नमुना बरोबर हवा. यावेळी घ्यायची वस्तू रिव्हॉल्व्हर होती.

कारण मार्चमधलं. ताई ॲरिझोनात एका लहान गावाच्या कडेला राहते. घराच्या मागच्या फाटकातून पायवाट निघते, निवडुंगांमधून डोंगराच्या पायथ्याशी जाते आणि वळसा घेऊन परत येते. साडेतीन मैल. भावोजी होते तोवर दोघं जायचे. ते गेल्यावर सहा वर्षं ती एकटी जात होती. मार्चमध्ये त्या वाटेवर दोन मोकाट कुत्रे तिच्या अंगावर आले. चावले नाहीत. ती मागे सरताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. कुत्र्यांचा मालक सापडला नाही. त्यानंतर आठ महिने ती वाटेवर एकटी गेली नव्हती.

तिची मुलगी केतकी शिकागोत असते. तिने आईला स्पष्ट सांगितलं होतं. जानेवारीअखेरपर्यंत आईने स्वतःच्या रक्षणाचं काहीतरी साधन घ्यायचं, ते वापरता येतं हे दाखवायचं. नाहीतर घर विकायला काढायचं आणि शिकागोला यायचं. एजंटशी बोलणं झालेलं होतं. ताईला काठी नको होती, कारण काठी तिच्याकडे मार्चमध्येही होती. मिरचीचा फवारा वाऱ्यावर आपल्याच डोळ्यांत येतो, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. ही शेजारीण, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली, तिला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. तिथे ताईने आयुष्यात पहिल्यांदा गोळी झाडली. मग दीड महिना धाकट्या बहिणीकडे काढायचा, विचार करायचा, हात सुधारायचा आणि परत जाऊन खरेदी करायची, असं ठरवून ती इकडे आली. ज्या देशात खेळण्यातली बंदूक आणायची तरी आधी नियम बघावे लागतात, तिथे बसून आम्ही रिव्हॉल्व्हर निवडत होतो.

माधवने तक्ता केला. तो आयटीत आहे. घरात काही घ्यायचं तर तो तक्ता करतो. वॉशिंग मशीनचा केला होता, गादीचा केला होता. या तक्त्यात आठ ओळी होत्या आणि रकाने असे: वजन, नळीची लांबी, चक्रात गोळ्या किती, बोअर, चाप ओढायला लागणारा जोर, झाडताना बसणारा धक्का. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात त्याने एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘दिसायला बरं’. ताईने ते पुसायला लावलं.

पहिल्या आठवड्यात सगळं सोपं वाटलं. चालताना कमरेला लावायचं म्हणजे हलकं हवं. हाताला पट्टी बसवलेली म्हणजे धक्का कमी हवा, म्हणजे बोअर लहान हवं. दोन्ही अटी पुऱ्या करणारं एक होतं: ॲल्युमिनियमचा सांगाडा, पॉइंट टू-टू, आठ गोळ्या, वजन तीनशे बारा ग्रॅम. माधवने ती ओळ हिरवी केली. मग त्याने चापाचा रकाना भरला आणि तिथे अडलं. लहान बोअरच्या काडतुसाला पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यावर घोडा जोरात आदळावा लागतो, म्हणून स्प्रिंग कडक असते, म्हणून चाप जड. साडेपाच किलो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, पण ताईचा अंगठा अजून तेवढा वळत नव्हता. कमजोर हातासाठी म्हणून जे सगळ्यात हलकं होतं, त्यालाच सगळ्यात जोरकस बोट लागत होतं.

“ह्यांना हे आधी कळत नाही का रे?” ताई म्हणाली.

“कुणाला, ताई?”

“बनवणाऱ्यांना.”

ताईच्या बोटात किती जोर आहे हे मोजायचं कसं, हा प्रश्न मी सोडवला. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात एक वस्तू असते: बॅग तोलायचा काटा. हातात धरायची मूठ, खाली हूक, वर आकडा. तेवीस किलोच्या आत लोणचं, भाजणी आणि दिवाळी अंक बसवण्यासाठी घेतलेला. आम्ही काटा दाराच्या कडीला दोरीने बांधला. ताईने उजव्या हाताची तर्जनी हुकात अडकवली आणि ओढली. तीन किलो शंभर. पुन्हा ओढलं. तीन किलो. मी आकडे कॅलेंडरवर लिहिले. माधव म्हणाला, दहा वेळा घेऊन सरासरी काढू. ताई म्हणाली, “तुझं बोट घाल आधी.” त्याचं सात किलो आलं आणि त्या दिवशी तो उगाचच खूश होता.

पोलीस चौकीत अधिकारी तरुण होता आणि नम्र. मी पुंगळी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी लिफाफ्यात आणि लिफाफा हातात सगळ्यांना दिसेल असा धरून नेली होती. त्याने तो उघडला, बघितलं आणि आणखी एकाला बोलावलं. मग आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. ताईची विचारपूस चाळीस मिनिटं झाली. ही वस्तू कुठून आली, का आणली, आणखी आहे का. ताईने प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं, हीच अडचण होती. का आणली, याला ती म्हणाली, सॅम्पल. त्याने विचारलं, सॅम्पल कशासाठी. ती म्हणाली, साइझसाठी. त्याने ते लिहून घेतलं.

“सो आँटी, यू हॅव अ गन ऑर नॉट?”

“नॉट येट,” ताई म्हणाली.

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला. त्याने तेही लिहून घेतलं. शेवटी त्याने सांगितलं की तपास होईल, फोन येईल आणि तोवर देश सोडू नये. तिचं परतीचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं होतं. फोन कधी येईल, हे त्याला सांगता येत नव्हतं.

खरं तर त्या सकाळी नऊ ते दहा-वीस या वेळात आमच्या घरी दुसरंही बोलणं झालं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीत कचरा टाकायची झडप आहे. तिच्यात टाकलेली वस्तू बारा मजले खाली जाते आणि पुन्हा दिसत नाही. माधव सिग्नल हिरवा झाल्याशिवाय रिकामा रस्ताही ओलांडत नाही. त्यानेच पहिल्यांदा झडपेकडे बघितलं. म्हणाला, कुणाला कळणार आहे. मीही लगेच नाही म्हटलं नाही. ताईने पुंगळी नाकाशी नेली. “दिवाळीचा वास आहे,” ती म्हणाली. मग ती माझ्याकडे सरकवून म्हणाली, “मी आणली, मीच देणार. चला.”

वास तोच होता. कराडला आम्हा दोघींत टिकल्यांची एकच बंदूक होती आणि ती ताईकडे असायची, कारण ती मोठी. लाल कागदाचा रोल, आवाजापेक्षा धूर जास्त. माझ्या वाट्याला न फुटलेल्या टिकल्या यायच्या. त्या मी पायरीवर ठेवून बत्त्याने फोडायचे. पुढे पुण्यात एका दैनिकात मी अकरा वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली. ‘घटनास्थळी पोलिसांना दोन रिकाम्या पुंगळ्या आढळल्या’ हे वाक्य किती वेळा तपासलं असेल सांगता येणार नाही. आमचे मुख्य उपसंपादक बजावायचे, पुंगळ्यांचा आकडा दोन ठिकाणी विचारल्याशिवाय छापायचा नाही. तो आकडा मी नेहमी विचारला. पुंगळी दिसते कशी, हे एकदाही विचारलं नाही. आता मी इथल्या पाया लेबार भागातल्या एका कार्यालयात कंपन्यांचे अहवाल तपासते आणि जी वस्तू शेकडो बातम्यांत येऊन गेली, ती मला पहिल्यांदा दिसली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, चटणीच्या वाटीशेजारी.

केतकीला त्याच दिवशी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच मुद्दा काढला, आणि तो आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. इकडे गुन्हा नोंदला गेला, तर तिकडे दुकानदार आईला रिव्हॉल्व्हर देईल का? विकत घेताना अर्ज भरावा लागतो. त्यात परदेशातली शिक्षा धरतात की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या ओळखीच्या वकिलालाही नक्की सांगता आलं नाही. म्हणजे माप कळावं म्हणून आणलेल्या दीड सेंटिमीटरच्या पितळामुळे रिव्हॉल्व्हर जाणार, रिव्हॉल्व्हर गेलं की पायवाट आणि पायवाट गेली की घर. केतकी शेवटी म्हणाली, “आई, मे बी इट्स अ साइन. यू डोंट नीड टु प्रूव्ह एनिथिंग.” ताईने फोन माझ्या हातात दिला आणि ती भिजलेले कपडे उलटसुलट करायला गेली. ते कपडे तिने त्या दिवशी चार वेळा उलटे केले.

थांबण्याचे ते आठवडे मला तिच्या चालण्याच्या आवाजाने आठवतात. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून खिडकी. आमचा फ्लॅट लांबीला अठरा पावलं आहे, हे तिनेच मोजून सांगितलं. खिडकीखालून एलआरटी, उंच रुळांवरची छोटी रेल्वे, जाते. इमारतीजवळ आली की गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. ताईला त्याचं फार कौतुक होतं. काच पांढरी झाली की ती म्हणायची, “घेतला पदर.” गाडी पुढे गेली की पुन्हा फेऱ्या. मी सुट्टी काढू का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तू घरी बसून काय करणार? मी आहे की बसायला.”

पाऊस नसेल तेव्हा सकाळी आम्ही बाहेर पडायचो. घरापासून वीस मिनिटांवर जंगलाची कड लागते. पायवाट पक्की, मधे मधे पाट्या: माकडांना खायला देऊ नका, रानडुकरांच्या जवळ जाऊ नका. पानांवरून थेंब गळत असतात, कातड्याला दमट कागद चिकटल्यासारखं होतं, आणि किड्यांचा आवाज इतका सलग असतो की तो थांबला की दचकायला होतं. माधवने सुचवलं की कमरेला वजन लावून चालण्याचा सराव करावा. आठ काडतुसं धरून तीनशे चाळीस ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आम्ही तीनशे चाळीस ग्रॅम मुगाची डाळ तोलली, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधली आणि ताईने ती कमरेच्या उघड्या पाकिटात उजव्या बाजूला ठेवली. चालताना मी “आता” म्हणायचं आणि तिने हात डाळीवर न्यायचा. पहिले काही दिवस ती हसायची. मग ती हसेनाशी झाली आणि हात खरोखर भरभर जाऊ लागला.

नाताळच्या आठवड्यात, सकाळी साडेसात-आठला, वळणावर एक माकड बसलं होतं. मोठा नर. आम्ही दोघी थांबलो. तो उठला, चार पावलं पुढे आला, ताईच्या कमरेला लोंबणारं प्लास्टिकचं टोक त्याने बघितलं असावं. मी “आता” म्हणाले की नाही, मला आठवत नाही. ताईचा हात पाकिटापर्यंत पोचायच्या आधी डाळ त्याच्या हातात होती. तो रेलिंगवर चढला, पिशवी दाताने फाडली आणि मुगाची डाळ खालच्या पानांवर पडत राहिली. पावसासारखा बारीक आवाज. त्याने थोडी तोंडात घातली, थुंकली आणि पिशवी टाकून दिली.

“गेलं माझं शस्त्र,” ताई म्हणाली.

घरी माधव हसून हसून खाली बसला. म्हणाला, माकडांना खायला घालणं हाही गुन्हा आहे, आता चौकीत परत जावं लागणार. ताईनेही हसून घेतलं. मग तिने चहाचा कप ठेवला आणि मला विचारलं, किती वेळ लागला असेल. मी म्हणाले, दोन सेकंद, जास्तीत जास्त तीन. ती म्हणाली, “कुत्र्यांना तेवढाच लागला होता.” माधवच्या तक्त्यात वेळेचा रकाना नव्हता. त्याने तो त्या संध्याकाळी घातला, पण त्यात काही भरता आलं नाही. मी तिला म्हणाले, मग हे सगळं कशासाठी. वेळेवर हात पोचणार नसेल तर कमरेला ते असलं काय आणि नसलं काय. जा शिकागोला. नातू आहे, बाग आहे, केतकी तुला फुलासारखी ठेवेल.

ती बराच वेळ मनगट चोळत होती. जखमेची रेघ त्या ओल्या हवेत गुलाबी दिसायची.

“नीले, भीती वाटते ती वाटतेच,” ती म्हणाली. “ते असलं तरी वाटणार. पण उद्यापासून फिरायला जाऊ का, असं लेकीला विचारायचं आणि ती हो म्हणेपर्यंत चपला घालून बसायचं... ते मला जमणार नाही. तिला हो म्हणायला काहीतरी लागतंय ना? मग ते मी घेते.”

एवढं बोलून ती उठली आणि दाराच्या कडीपाशी गेली. तीन किलो आठशे.

बोटांचा व्यायाम ती कशानेही करायची. कणीक तिने कुणाला मळू दिली नाही. ओले टॉवेल पिळून पुन्हा ओले करून पिळायची. लिंबं हातानेच पिळायची; त्या महिन्यात आमच्याकडे सरबत संपत नव्हतं. कॅलेंडरवरचे आकडे वर चढत होते आणि मधेच खाली यायचे. ज्या दिवशी जोराचा पाऊस असे त्या दिवशी मनगट दुखे आणि आकडा उतरे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चार किलो दोनशे. त्याच आठवड्यात तिचं विमान तिला न घेता गेलं. आम्ही तिकीट पुढे ढकललं होतं, तरी त्या वेळेला ती घड्याळाकडे बघत होती. चौकीतून फोन नव्हता. मी दोनदा फोन करून विचारलं; दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, कळवू. अनोळखी नंबरवरून फोन आला की तिघांचे हात एकदम फोनकडे जायचे. बहुतेक वेळा कुणीतरी विमा विकत असायचं.

केतकीने त्या दिवसांत मुदत वाढवली नाही, पण तिने ती आठवणही करून दिली नाही. फक्त एकदा, मी एकटी असताना, तिने मला विचारलं, “मावशी, ॲम आय बीइंग हॉरिबल?” मी म्हणाले, नाही. हे खरं होतं. मार्चमध्ये पडल्यावर ताई एक तास दहा मिनिटं वाटेवर पडून होती आणि केतकीला ते दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

फोन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, बुधवारी, सकाळी अकरा वाजता. आम्ही गेलो. तोच अधिकारी होता. त्याने एक कागद वाचून दाखवला: वस्तू स्वतःहून आणून दिली हे लक्षात घेऊन लेखी ताकीद. खटला नाही. ताईने सही केली. सहीला तिला वेळ लागला, मनगटामुळे. अधिकाऱ्याने विचारलं, हात बरा आहे ना. ती म्हणाली, चार किलो सातशे. त्याला ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. पुंगळी परत मिळणार नव्हती. बाहेर पडल्यावर तिने खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी मागितली, कप हातात धरला आणि अर्धा तास प्यायलीच नाही. “सुटले म्हणायचं का गं?” तिने विचारलं. मी म्हणाले, एवढंच नक्की आहे की खटला नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू पेपरातच राहायला हवं होतंस.”

जाण्याच्या दिवशी सकाळी शेवटचा आकडा घेतला. चार किलो नऊशे. साडेपाचला सहाशे ग्रॅम कमी. मग तोच काटा दारावरून सोडून तिची बॅग तोलली. बावीस किलो चारशे. शिवणाची डबी मी स्वतः उघडून बघितली, अस्तरासकट. विमानतळावर तिने माधवला तक्त्याची छापील प्रत मागितली. त्याने दिली. तिने घडी करून ती पर्समध्ये पडद्याच्या तुकड्याशेजारी ठेवली.

पुढचं मला फोनवरून कळलं, आणि केतकीकडून त्याची खात्री करून घेतली. केतकी शिकागोहून विमानाने आली होती. मायलेकी दुकानात गेल्या. हिरव्या ओळीतलं रिव्हॉल्व्हर ताईने हातात घेतलं, रिकामं असल्याची दुकानदाराने खात्री करून दिली, आणि तिने चाप ओढला. पहिल्यांदा ओढला गेला. दुसऱ्यांदा ओढला गेला. तिसऱ्यांदा बोट मधेच थांबलं. तिने ते काउंटरवर ठेवलं. मग पर्समधून तक्ता काढला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. ही ओळ माधवने दुसऱ्याच दिवशी खोडली होती: बोअर थोडं मोठं, सहाच गोळ्या, वजन जवळजवळ दीडशे ग्रॅम जास्त. पण त्या काडतुसाचा मसाला बुडाच्या मधोमध असतो, घोड्याला तेवढं आदळावं लागत नाही. चाप साडेचार किलो. कमरेला जड आणि बोटाला हलकं. दुकानदाराने तिला विचारलं, अर्जावर काही लपवलेलं नाही ना. तिने सिंगापूरच्या ताकिदीचा कागद पुढे केला. त्याने तो वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाला की हे शिक्षा झाल्याचं दिसत नाही.

मैदानावर तिने केतकीसमोर सहा गोळ्या झाडल्या. चार कागदावर लागल्या, दोन मागच्या मातीत गेल्या. केतकीने एजंटला फोन करून घर विकायची पाटी लावू नको म्हणून सांगितलं. एक अट वाढवली: चालायला निघताना आईने फोनवर आपला ठिकाणा दिसेल असं ठेवायचं. ताई दुपारी चारला निघते. तेव्हा केतकी कामावरून घरी गाडी चालवत असते. इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. म्हणून नकाशावरचा तो ठिपका मी बघते.

फेब्रुवारीपासून बघते आहे. उन्हाळ्यात ती वेळ बदलून पहाटे जायची, आता थंडीत पुन्हा चारला जाते. कमरेच्या पट्ट्यात रिव्हॉल्व्हर रोज असतं का, हे मी एकदा विचारलं होतं. तिने मनगटाच्या दुखण्याबद्दल सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही. रोज असतं, असं मला म्हणता येणार नाही. नसतं, असंही नाही.

आज सकाळी इथे सहापासून पाऊस होता. सात वाजून चार मिनिटांनी ठिपका मागच्या फाटकातून निघाला. मी एलआरटीतून उतरून मोठ्या मेट्रोच्या, एमआरटीच्या फलाटावर आले तेव्हा तो निवडुंगांच्या पट्ट्यातून पुढे गेला होता. सात अडतीसला तो थांबला. डोंगराच्या पायथ्याशी, वळशाच्या अर्ध्यावर. मी एक गाडी सोडली. सात बेचाळीस, तिथेच. दुसरी गाडी सोडली. सात पंचेचाळीसला मी फोन लावला. घंटा वाजली, कुणी उचलला नाही. तिकडे सूर्य मावळायला तेव्हा अर्धा तास राहिला होता. केतकीला लावायचा म्हणून नंबर काढला आणि लावला नाही. सात एकोणपन्नासला ठिपका हलला. हळू हलला, मग नेहमीच्या वेगाने.

आठ वाजून सतरा मिनिटांनी तो ताईच्या घरावर होता.